सासूबाईंचं आयोडीन

माझी मुलगी तान्ही होती तेव्हा मी पेणहून कामाला रोज ये-जा करायचे. संध्याकाळी अंगणाचं फाटक वाजलं की ती आजीच्या कडेवरून दोन्ही हात माझ्याकडे पसरायची आणि माझ्या सासूबाई तिला घेऊन एक पाऊल मागे सरकायच्या.

"आधी आंघोळ," त्या म्हणायच्या. "मग पोर."

न्हाणीत कढत पाण्याची बादली भरलेली असायची, खुंटीला धुतलेला गाऊन लटकत असायचा. माझे दिवसभराचे कपडे त्या चिमटीत धरून मागच्या दारी न्यायच्या, वेगळ्या टबात भिजवायच्या आणि वेगळ्या दोरीवर वाळत घालायच्या. ती दोरी त्यांनी स्वतः बांधली होती, पेरूच्या झाडापासून कुंपणाच्या खांबापर्यंत. आमचं घर रामवाडीला, हायवेपासून थोडं आत. आळीतल्या बायका येता-जाता विचारायच्या, ही दुसरी दोरी कशाला गो? "सुनेची हाय," एवढंच सांगून सासूबाई विषय बदलायच्या.

मला राग यायचा. बाहेर मुलगी रडत असायची आणि मी आत भराभर तांबे ओतून घेत असायचे. पण बोलले मात्र कधी नाही.

मी मटेरियल्स इंजिनियर आहे. पदार्थ कशाने बनतात, कशाने टिकतात आणि कशाने मोडतात हे बघणं माझं काम. त्यातही माझा सगळा जन्म एकाच पदार्थाभोवती गेला, तो म्हणजे अणुभट्टीत वापरतात ते इंधन. सासूबाईंच्या भाषेत, "अणूतलं काम."

या कामाकडे मी वळले ते वडिलांमुळे. माझं माहेर रोह्याचं. वडील तिथल्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते. एकदा शिफ्टवरून येताना त्यांनी कापून काढलेल्या पाइपचा तुकडा आणला. मी तेव्हा शाळेत होते. बाहेरून पाइप अगदी ठणठणीत, रंगसुद्धा शाबूत. वडिलांनी तो माझ्यासमोर धरून सांगितलं, आता आत बघ. आतून तो वाळवी लागलेल्या लाकडासारखा खाल्लेला होता. काही ठिकाणी धातू कागदाएवढा पातळ उरला होता. मी त्याच्यातून बोट फिरवलं आणि आईने हात धुवायला पिटाळलं. पुढे इंजिनियरिंगला शाखा निवडायची वेळ आली तेव्हा मैत्रिणी कॉम्प्युटरला गेल्या आणि मी धातुशास्त्र घेतलं. कारण विचारलं तर मला धड सांगता येत नसे. तो पाइप मात्र डोळ्यासमोर यायचा.

शिक्षण झाल्यावर मुंबईच्या अलीकडच्या टोकाला असलेल्या एका सरकारी संशोधन केंद्रात निवड झाली. पहिली काही वर्षं मी इंधनाच्या गोळ्या करायच्या प्रयोगशाळेत होते. युरेनियमच्या ऑक्साइडची पूड साच्यात दाबून बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या पाडायच्या. कच्च्या असताना त्या खडूसारख्या ठिसूळ असतात, नीट धरल्या नाहीत तर कड तुटते. मग भट्टीत, लोखंडाचंही पाणी होईल इतक्या उष्णतेत, त्या भाजायच्या. बाहेर येतात त्या काळ्याभोर, आकसलेल्या आणि आकाराच्या मानाने कितीतरी जड. हातमोज्यातल्या तळव्यावर पहिल्यांदा गोळी घेतली तेव्हा तिचं वजन जाणवून मला उगीचच हसू आलं होतं. अशा गोळ्या एका धातूच्या नळीत ओळीने भरतात, नळी दोन्ही बाजूंनी बंद करतात आणि ती अणुभट्टीत जाते.

नंतर माझी बदली या कामाच्या दुसऱ्या टोकाला झाली. भट्टीतून जळून बाहेर आलेल्या नळ्या तिथे तपासायला येत. त्या इतक्या किरणोत्सारी असतात की माणूस त्यांच्या जवळ जाऊच शकत नाही. त्यांच्यासाठी काँक्रीटच्या जाडजूड भिंतींची खोली असते आणि त्या भिंतीत शिशाच्या काचेची खिडकी. काच पिवळसर असते. सबंध दिवस तिच्यातून बघून बाहेर आलं की सगळं जग निळसर दिसायचं. खोलीत दोन यांत्रिक हात आणि त्यांच्या मुठी आमच्याकडे, भिंतीच्या अलीकडे. मी मूठ आवळली की पलीकडची बोटं आवळायची. मला शिकवणारे सर अतिशय शांत गृहस्थ होते. सुरुवातीचे कितीतरी दिवस त्यांनी मला मोकळ्या खोलीत त्या यांत्रिक हातांनी फक्त काडेपेटी उघडायला लावली. मी कंटाळून म्हटलं, "सर, आता खरी नळी देणार का?" ते म्हणाले, "घाई नको. तिला आपला हात लागत नाही, म्हणून तर जास्त जपायचं."

त्या नळ्यांमध्ये मी काय शोधत असे, तर तडे. गोळी जळताना तिच्या पोटात अनेक नवी मूलद्रव्यं तयार होतात. त्यातलं एक आयोडीन. ते वायू होऊन निसटतं, नळीच्या आतल्या अंगाला जाऊन बसतं आणि जिथे धातूवर ताण असेल तिथे त्याला पोखरतं. बाहेरून काही कळत नाही. मग कधीतरी केसाएवढा तडा आरपार जातो. माझी निम्मी नोकरी या एका आयोडीनच्या मागे गेली. कोणता धातू त्याला दाद देत नाही, आतून कसला लेप दिला तर तो टिकतो, यावर मी वर्षानुवर्षं काम केलं. घरात त्यातलं काही सांगत नसे. काही गोष्टी सांगायच्या नसतात, आणि ज्या सांगता येतात त्या कोणी विचारत नसे.

लग्न ठरताना मी काय काम करते हे लपवलं नव्हतं. माझे यजमान रोह्याच्या शाळेत चित्रकला शिकवतात. पेणहून सकाळच्या गाडीने जातात, संध्याकाळच्या गाडीने येतात. त्यांना माझ्या कामाचं अप्रूप वाटायचं. सासूबाईंना भीती वाटायची. त्या खाडीकाठच्या गावातल्या, मिठागरात राबणाऱ्या घरात वाढलेल्या. सासरे लवकर गेले, एकटीने मुलगा वाढवला. भीतीबिती त्यांच्या स्वभावात नव्हती. पण ही गोष्ट वेगळी होती.

"दिसत नाय, वास येत नाय," त्या एकदा म्हणाल्या, "मग तुला तरी कसं कळतं लागलंय की नाय ते?"

मी सांगितलं की आत जाताना आम्ही कपडे बदलतो, बाहेर येताना यंत्रावर हातपाय तपासतो, यंत्राने सोडलं तरच दार उघडतं. छातीवर बॅज असतो, त्यात सगळी नोंद होते.

"आणि यंत्र बिघडलं तर?"

"दुसरं असतं, आई."

त्यांनी मान हलवली. पण भीती गेली नाही.

दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी केंद्रात सांगितलं आणि नियमाप्रमाणे मला त्या विभागातून हलवलं. पुढचे महिने मी कॉम्प्युटरसमोर बसून आकडेमोड केली. सासूबाईंना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि काहीच विचारलं नाही. मला वाटलं, पटलं असेल. मुलगी झाली, पेणच्याच दवाखान्यात. नर्सने दुपट्यात गुंडाळून तिला सासूबाईंच्या हातात दिलं. त्या खिडकीशी उजेडात गेल्या, दुपटं उलगडलं आणि एकेक बोट वेगळं करून बघू लागल्या. आधी हाताची, मग पायाची. मग कान, टाळू, पाठ. पोर गारठून ओरडायला लागली तरी थांबेनात. शेवटी तिला परत गुंडाळून त्या मटकन बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून रडल्या. मी खाटेवरून बघत होते. इतके महिने त्या गप्प का होत्या ते मला तेव्हा कळलं.

माझी रजा संपत आली तेव्हा मात्र त्यांनीच विषय काढला. "तू जा कामावर. पोर मी बघते." मी नोकरी सोडावी असं त्या म्हणतील अशी मनाची तयारी करून मी बसले होते. "जा," त्या पुन्हा म्हणाल्या, "पण आल्यावर आंघोळ."

तर ती आंघोळ अशी सुरू झाली होती. वर्षं गेली, मुलगी मोठी झाली, आपली आपण शाळेत जाऊ लागली. आंघोळीची मलाच सवय झाली. दोरी होतीच. नायलॉनची जुनी तुटली तेव्हा सासूबाईंनी नवी आणून बांधली.

मुलगी आठवीत असताना कोलाडला नात्यातलं एक लग्न होतं. निघायची घाई चालली होती. सासूबाईंनी ठुशी काढली आणि मला म्हणाल्या, "बांध गो मागून, माझी बोटं वळत नायत." मी मागे उभी राहून दोरा ओढला तर ठुशी नेहमीसारखी बसेना. पुढून हात फिरवून मणी सारखे करताना माझ्या बोटाला गळ्याशी काहीतरी टणक लागलं. सुपारीएवढं. मी बोट तिथेच ठेवलं.

"गिळा बरं."

"काय गिळू?"

"नुसतं थुंकी गिळा."

त्यांनी गिळलं तशी ती गाठ बोटाखाली वर सरकून खाली आली. मी ठुशी सैल बांधली. लग्नात जेवणाच्या पंगतीत मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळा वेळ त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. माणसांच्या गर्दीत त्या हसत होत्या, नवरीला आशीर्वाद देत होत्या. बाहेरून सगळं शाबूत.

तपासण्या झाल्या. गाठ थायरॉइडची होती आणि कॅन्सरची निघाली. डॉक्टर म्हणाले, हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, ऑपरेशन करून ग्रंथी काढू, आणि मग उरलंसुरलं जाळण्यासाठी आयोडीन देऊ. किरणोत्सारी आयोडीन. ते गिळलं की आपोआप गळ्याकडे जातं आणि तिथल्या पेशी मारतं.

त्या खोलीत मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे बसलो होतो. यजमान डॉक्टरांना प्रश्न विचारत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. जे आयोडीन नळ्या फोडतं म्हणून मी इतकी वर्षं त्याच्या मागावर होते, ते आता औषध म्हणून आमच्या घरात येणार होतं. बाहेर आल्यावर सासूबाईंनी मला बाजूला घेतलं.

"हे तुझ्या कामातलंच हाय ना?"

"व्हय," मी म्हणाले. कधी नव्हे ते माझ्या तोंडून त्यांची बोली निघाली. "भट्टीतच तयार करतात."

"मग तुला ठाऊक असेल. खरं सांग. घेऊ का नको?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्या माझ्या कामातला माझा सल्ला विचारत होत्या. मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं, "घ्या. मी आहे."

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर आयोडीनच्या आधी पथ्य होतं. शरीरात आयोडीन अजिबात जाऊ द्यायचं नाही, म्हणजे शरीर त्याला भुकेलेलं राहतं आणि औषध सगळं शोषून घेतं. डॉक्टरांनी पथ्य वाचून दाखवलं. पाकिटातलं मीठ बंद. समुद्राचं खडे मीठ बंद. मासे, कोळंबी, सुकट, सगळं बंद. दूध, अंडं बंद. सासूबाई ऐकत होत्या.

"मग जेवायचं काय?" त्या म्हणाल्या. "मिठागरात जन्म गेला माझा."

"आजी, सैंधव चालेल," डॉक्टर म्हणाले.

"ते कुठलं?"

"डोंगरातलं मीठ."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की डॉक्टरांनाही हसू आवरेना. घरी आल्यावर मी सैंधव घालून आमटी केली. त्यांनी घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, "याला चव हाय, पण खारटपणा नाय." मग निमूटपणे जेवल्या. त्या महिन्यात मी रजा घेतली होती. थायरॉइडच्या गोळ्याही बंद ठेवलेल्या, त्यामुळे त्या सुजल्या, मंदावल्या, दिवसाही झोपू लागल्या. बोलताना शब्द जड यायचे. कधी कारण नसताना डोळ्यांतून पाणी. पहाटे उठून आळी जागी करणारी बाई ती, तिला चहाचा कप उचलायलाही माझा हात लागायचा. मी त्यांचे केस विंचरायचे, पाय चेपायचे. त्यांना ते आवडत नसे. "राहू दे गो," म्हणायच्या, पण पाय ओढून घ्यायचं त्राण नसायचं.

मुंबईच्या इस्पितळात त्यांना आयोडीनसाठी वेगळ्या खोलीत ठेवायचं होतं. जाड दार, आत एक पलंग, टीव्ही, स्वतंत्र न्हाणी. गोळी दिल्यावर शरीरातून किरणोत्सार कमी होईपर्यंत आत कोणी जायचं नाही. दाराबाहेर जमिनीवर पिवळी रेघ होती, नातेवाइकांनी तिच्या अलीकडे. मी आयुष्यभर अशा रेघांच्या अलीकडे-पलीकडे वावरले आहे. पण त्या दिवशी तिच्यापाशी माझे पाय थबकले.

गोळी शिशाच्या जाड डबीत आली. डॉक्टरांनी लांब चिमट्याने झाकण काढलं, प्लास्टिकच्या छोट्या नळीतून गोळी सरळ तोंडात सोडली आणि ते झटकन बाहेर आले. दार ओढलं गेलं. थोड्या वेळाने आतल्या फोनवरून सासूबाईंचा आवाज आला.

"त्यानं हात का नाय लावला?"

"लावायचा नसतो. तो रोज कितीजणांना देतो."

"आणि मी गिळली ती?"

"तुमच्यासाठी ती औषध आहे, आई. त्याच्यासाठी नाही."

त्या म्हणाल्या, "बरोबर हाय."

त्यांच्याकडे भरपूर पाणी होतं, लिंबाच्या फोडी होत्या, आंबट गोळ्या होत्या. लाळ सुटत राहिली की गालातल्या ग्रंथींना त्रास कमी होतो. दर थोड्या वेळाने मी फोन करून पाणी प्यायची आठवण करायचे. बाहेर बाकावर बसून दाराच्या छोट्या काचेतून पलंगाची एक कड आणि त्यांचे पाय दिसत. जन्मात एकट्या कधी झोपल्या नव्हत्या. माहेरी बहिणी, सासरी मुलगा, मग नात. दुसऱ्या दिवशी दुपारी मीच फोन केला तर त्या आधी काही बोलेनात.

"काय झालं? उलटी होतेय का?"

"नाय." श्वास ऐकू येत होता. "गो, मी तुझे कपडे वेगळे सुकवत आले. तू कधी काय बोलली नायस."

मी बाकावरून उठून काचेपाशी गेले, रेघेच्या अगदी कडेला. त्या पलंगावर उठून बसल्या होत्या, फोन कानाला.

"राग यायचा," मी म्हणाले.

"मग बोलायचं."

"मुलीला घेऊन मागे सरकायचात ना, तेव्हा जास्त यायचा."

"ठाऊक हाय. तुझं तोंड दिसायचं मला." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला. "तरी पण सरकायची. काय करू? पोर एवढीशी होती."

"मीपण तेच केलं असतं, आई." हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. काचेतून त्यांच्याकडे बघताना मला खरंच तसं वाटलं.

मग त्यांनी टीव्हीवर काय लागलंय ते सांगायला सुरुवात केली आणि मी रेघेजवळ उभी राहून सगळी मालिका ऐकली.

यंत्राने परवानगी दिली तेव्हा त्यांना घरी सोडलं. अजून काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं होतं, एकाच अंथरुणात कोणी झोपायचं नव्हतं, ताट-वाटी, न्हाणी, कपडे वेगळे. मुलीला आम्ही आधीच रोह्याला माझ्या आईवडिलांकडे पाठवलं होतं. यजमान रोज जाताना इथून तिला शाळेचा अभ्यास पोहोचवायचे. घरी आल्या दिवशी सासूबाईंनी आंघोळ केली, स्वतःचे कपडे स्वतः धुतले आणि ओलं लुगडं घेऊन मागच्या दारी गेल्या. मी खिडकीतून बघत होते. त्या माझ्या दोरीपाशी क्षणभर उभ्या राहिल्या आणि तिच्यावरच लुगडं टाकलं.

थंडीचे दिवस होते. वालाच्या शेंगांनी बाजार भरलेला. दुपारी त्या अंगणाच्या एका टोकाला खुर्चीवर बसायच्या, मी ओट्याच्या पायरीवर. अंतर किती ठेवायचं, किती वेळ बसलं तर चालतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मध्ये ऊन पडलेलं असायचं. मी शेंगा सोलायचे, त्यांना काही करू द्यायचे नाही, त्यामुळे त्या बोलायच्या. एका दुपारी म्हणाल्या, "आता सांग. दिवसभर तू तिथं करतेस तरी काय?"

मी सांगू लागले. पुडीपासून सांगितलं. गोळ्या, साचा, भट्टी, नळी. मग पिवळी काच आणि यांत्रिक हात. वालाच्या शेंगेत दाणे ओळीने असतात तशा नळीत गोळ्या असतात असं सांगितल्यावर त्यांनी शेंग मागितली, मी टाकली, त्यांनी ती झेलून निरखून बघितली.

"आणि जळून झाल्यावर? राख होते?"

"राख होत नाही. गोळी तिथंच राहते, पण तडकते. आत बदलते. ती नळी कापून आम्ही बघतो, कुठे बिघडली, कशाने बिघडली."

"म्हणजे मेल्यावर फाडून बघतात तसं?"

"अगदी तसंच."

"शी!" त्या म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. ऑपरेशननंतर आवाज घोगरा झाला होता, हसणं मात्र तेच होतं. मग गंभीर झाल्या. "पण बघायलाच पायजे. नायतर पुढच्याला कसं कळणार?"

त्यानंतर रोज दुपारी त्या काही ना काही विचारत राहिल्या. कधी तेच पुन्हा. माझ्या केंद्रातल्या सरांबद्दल, मैत्रिणींबद्दल, कँटीनच्या जेवणाबद्दल. एखादी नळी हातातून निसटली का कधी? निसटली. मग? मग सर काही बोलले नाहीत, चहा प्यायला घेऊन गेले. त्यावर त्या म्हणाल्या, "चांगला माणूस." नोकरीच्या इतक्या वर्षांत मी कुठल्या परिषदेत एवढी मनापासून बोलले नसेन.

पुढच्या स्कॅनमध्ये गळा स्वच्छ निघाला. थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली आणि ठरलेले दिवस भरल्यावर आम्ही दोघी मुलीला आणायला रोह्याला निघालो. पेण स्टेशनवरून दुपारची गाडी घेतली. गाडीला गर्दी नव्हती. समोर नागोठण्याला उतरणारी एक बाई पिशव्या घेऊन बसली होती. तिने सासूबाईंचं गाव, नातीगोती विचारून घेतली आणि मग माझ्याकडे मान वळवून त्यांनाच विचारलं, "सून काय करते?"

मी खिडकीबाहेर बघत होते. सासूबाईंनी पदर सारखा केला.

"अणूच्या भट्टीत सळया असतात ना, त्या जळून झाल्या की ही आतून बघते. कुठं चीर गेलीय ती शोधून काढते. हात नाय लावायचा, लांबून करायचं. लय निगुतीचं काम हाय."

"अगो बाय! भीती नाय वाटत?"

"वाटते की," सासूबाई म्हणाल्या. "रोज वाटते. संध्याकाळी घरी आली की तेवढी जाते."

त्या बाईने माझ्याकडे नव्याने बघितलं. गाडी नागोठण्याला थांबली, बाई उतरली, पिशव्या खाली द्यायला सासूबाईंनी मदत केली.

रोह्याला मुलगी माझ्या वडिलांबरोबर फलाटावर उभी होती. आम्ही उतरताना दिसलो तशी ती धावत सुटली. आजीपासून चार हातांवर आली आणि थांबली. चेहरा लाल, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, जणू ते आपणहून पुढे जातील अशी तिला भीती होती.

"आता चालेल?" तिने विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"चालेल," मी म्हणाले.

मग मी सामान घेऊन जरा पुढे गेले आणि वडिलांपाशी उभी राहिले. ते म्हणाले, आईने पोपटीची तयारी करून ठेवलीय, वालाच्या शेंगांनी मडकं भरून झालंय, जाळ तेवढा लावायचाय, चला लवकर. पण त्या दोघी काही लवकर हलल्या नाहीत. आमची गाडी गेली, फलाट रिकामा झाला, तरी त्या एकमेकींना बिलगून तिथेच उभ्या होत्या.